हेफेलेच्या मुलीचा खर्च

आमच्या गावात माणसं पित्ताच्या खड्यांची हकीकत खाटकाच्या दुकानात उभ्याउभ्या सांगतात. कुणाची बायको कुणाबरोबर गेली हेही सांगतात, फार तर आवाज जरा खाली आणून. पण पगार? तो नवऱ्याने बायकोला सांगितला असला तरी पुष्कळ. जर्मनीत नेकार नदीच्या खोऱ्यातल्या या श्वाबी लोकांत माझं आयुष्य गेलं. माझा नवरा श्टोल यांच्यातलाच. तो वारला तेव्हा त्याच्या खात्यात किती होते ते मला बँकेतल्या माणसाने सांगितलं, आणि सांगताना तोच लाजला. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर गेरोल्ड हेफेले मूर्ख वाटेल. तो मूर्ख नव्हता. इथला होता, एवढंच.

हेफेले माझ्या समोरच्या दारात राहतो. ट्रक ड्रायव्हर. सोमवारी पहाटे निघाला की शुक्रवारी संध्याकाळी उगवणार. मधले दिवस रॉटरडॅम, लिऑन, कुठेकुठे. उंच, खांद्यातून वाकलेला, आणि हात एवढे मोठे की कॉफीचा कप त्यात बाहुलीचा वाटावा. आमच्या घरात जिना धुण्याची पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दाराला लाकडी पाटी लटकते, आठवडा संपला की ती पुढच्या दाराला. बाकीची तीन बिऱ्हाडं ओलं फडकं फिरवून मोकळी होतात. हेफेले कठड्याची एकेक सळई पुसतो.

"एवढं कशाला हो?" मी एकदा म्हटलं.

"माझी पाळी आहे," तो म्हणाला. विषय संपला.

त्याला एकच मुलगी, विब्के. नाव उत्तरेकडचं, कारण आई आन्के कीलची. आन्के मोठी हसरी बाई होती. दारूने तिला खाल्लं. नवरा आठवडाभर रस्त्यावर, घरात ती आणि पोरगी. पोरगी शाळेत जाईना. उनाड म्हणून नव्हे, आईला एकटं सोडलं तर काय होईल या धास्तीने. मी तिला जेवायला बोलवायची. दोनदा आली. तिसऱ्यांदा दारातूनच म्हणाली, "मम्मी झोपलीये, मला शेगडीकडे बघायला हवं." तेरा वर्षांची पोर. शेवटी शाळेने कळवलं, बालकल्याण कचेरीची माणसं आली, चारदा बसून बोलणी झाली आणि ठरलं की विब्केने टेकडीपलीकडच्या गावी मुलांच्या निवासात राहावं. सहा मुलं, प्रत्येकाला आपली खोली, आणि आळीपाळीने मुक्कामाला राहणाऱ्या ताया. कुणी ओढून नेली नाही. अर्ज आईबापांनीच करायचा असतो. हेफेलेने सही केली.

विब्के जाताना जिन्यात त्याला म्हणाली, "तुम्ही मला देऊन टाकलंत." त्याने तिची बॅग उचलली. आन्के पुढच्या वर्षी कीलला बहिणीकडे गेली ती गेलीच. आणि विब्के घरी आली नाही. आधी नाताळला कार्ड यायचं, मग तेही बंद झालं.

सोळाव्या वर्षी तिने उमेदवारी धरली ती आमच्याच गावात, ट्राउबच्या बेकरीत. पहाटे तीनला उठायचं, टेकडी सायकलने उतरायची, चारला पीठ मळायला. आम्हाला वाटलं, आता बापलेक भेटतील. कसले भेटतात! हेफेले दर शनिवारी बेकरीत जायचा, काउंटरपाशी उभा राहायचा आणि ब्रेत्सलच्या परातीकडे बघत बसायचा. ब्रेत्सल म्हणजे गाठ मारलेला खारा पाव; आमच्याकडच्याचे हात बारीक, कुरकुरीत. खाली पोट जाड, आणि पोटावर एक चीर. विब्के डावखुरी. तिची चीर किंचित उलट दिशेला कलते.

"ती द्या. नाही, तिच्या मागची. आणि ती कोपऱ्यातली."

"हेफेले, ब्रेत्सल घेताय की सून बघताय?" ट्राउबबाई विचारायच्या. त्यांना सगळं कळत होतं.

चार ब्रेत्सल घेऊन तो निघायचा. पोरगी झुलत्या दारापलीकडे, हाकेच्या अंतरावर. मी म्हटलं, आत डोकवा की. "कामाच्या वेळी कशाला," म्हणाला.

अशी दोन वर्षं गेली. विब्केला अठरा पूर्ण झाली. आणि एका गुरुवारी मी पाव आणायला गेले तर ट्राउबबाईंनी मला काउंटरच्या टोकाला ओढलं.

"श्टोलबाई, पोरीने राजीनामा दिला."

"कुठल्या पोरीने?"

"आपल्या विब्केने. महिनाअखेर जाते म्हणते. अहो, असा हात माझ्याकडे कधी आला नाही. जानेवारीपासून मी तिला भट्टीवर घेणार होते. वर्षभरात परीक्षा. आणि आता जाते म्हणते."

"कारण काय?"

"पैसे." हा शब्द त्या ओठ न हलवता बोलल्या.

"कमी देता?"

"मी? मी नियमाने देते. चारशे ऐंशी युरो पडतात हातात. पण त्यातले तीनशे साठ ती कचेरीला भरते. बालकल्याणवाल्या."

"कशाचे?"

"तिथं राहते त्याचे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "चारातले तीन?"

"चारातले तीन. मलाही खरं वाटलं नव्हतं. नियमच आहे म्हणे."

"पण राजीनामा देऊन करणार काय?"

"काही नाही. 'कमावलंच नाही तर घेतील कुठून,' म्हणते. आता यावर मी काय बोलू? हिशेबाने बरोबरच आहे." ट्राउबबाईंनी काउंटर पुसला, तो स्वच्छच होता. "आणि दुसरं म्हणजे, बाप दमडी भरत नाही म्हणून आपल्याकडून घेतात असं तिच्या डोक्यात आहे. त्या निवासातली पोरं तसंच बोलतात. ज्याचे आईबाप बुडवतात त्याच्या पगाराला हात."

मी घरी आले आणि पाव टेबलावर तसाच ठेवून कायदा वाचत बसले. मला वाटलं होतं काहीतरी गैरसमज असेल. नव्हता. लख्ख लिहिलेलं होतं. आईच्या दारूपायी घर सुटलेल्या मुलीने पहाटे उठून गावाचे पाव भाजायचे, आणि आपल्या सांभाळाचे पैसे आपणच भरायचे. एवढी वर्षं या देशात राहून मला हे ठाऊक नव्हतं, आणि ज्या-ज्या शिकलेल्या माणसाला त्या दिवसांत मी विचारलं त्यालाही नव्हतं. पुढे काही वर्षांनी हा वाटा एक चतुर्थांशावर आणला आणि नंतर काढूनच टाकला. आज मुलांच्या पगाराला कुणी हात लावत नाही. पण मी सांगते आहे तेव्हा लावत होते, आणि कुणाची झोप उडत नव्हती.

शनिवारी सकाळी हेफेलेची जिन्याची पाळी होती. तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गुडघ्यांवर बसून सळया पुसत होता. मला आडून बोलता येत नाही, आणि या वयात शिकणारही नाही.

"हेफेले, विब्केचे पैसे तुम्ही भरत नाही?"

त्याचा हात थांबला. मान कानापर्यंत लाल झाली. "श्टोलबाई, असं विचारू नये."

"विचारलं. भरता की नाही?"

त्याने वरचं दार पाहिलं, खालचं दार पाहिलं. "भरतो."

"किती?"

"चारशे पाच." हे तो जवळजवळ सळईलाच म्हणाला. "पहिल्या तारखेला. ती गेली तेव्हापासून. कधी चुकलं नाही."

"मग तिच्या पगारातले तीनशे साठ कशाला घेतात?"

"कुणाच्या?"

"विब्केच्या."

हेफेले ओल्या पायरीवर बसला. आमच्या घरात ओल्या पायरीवर कुणी पाऊल टाकत नाही. आणि हा बसला. विजारीतून पाणी वर चढत होतं आणि त्याला कळत नव्हतं.

"तिच्याकडनं पण घेतात?" तो म्हणाला. मग पुन्हा, "तिच्याकडनं?"

"तिच्याकडनं. आणि ती म्हणते तुम्ही दमडी देत नाही म्हणून घेतात. बेकरी सोडतेय ती. महिनाअखेर."

बादलीतलं फडकं त्याने पिळलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा पिळलं. "मला वाटलं, मी भरतोय म्हणजे तिचं भरलं. तेवढं तरी मी करतोय."

"तिला सांगितलं नाहीत कधी?"

"काय सांगायचं?"

"की तुम्ही भरता."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच परकी, काल विमानातून उतरलेली. "आपल्या पोरीला सांगायचं? की तू मला एवढ्याला पडतेस म्हणून?"

मी हात देऊन त्याला ओल्या पायरीवरून उठवलं. त्याला उठवणं सोपं नाही.

सोमवारी तो ट्रक घेऊन गेला नाही. मालकाला फोन करून 'घरचं काम आहे' म्हणाला, आणि मालकाला वाटलं कुणी गेलं. कचेरीत मला बरोबर घेऊन गेला, कारण कागदांपुढे त्याची वाचा बसते. हिशेबाच्या टेबलामागे लोरमानबाई. पन्नाशीची, खिडकीत जिरॅनियमच्या कुंड्या, बोलणं सरळ. वाईट बाई नव्हती. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

"विब्के आता सज्ञान आहे," त्या म्हणाल्या. "तिच्याबद्दल मी तुम्हाला काही सांगू शकत नाही."

"मी बाप आहे."

"हो. पण सांगू शकत नाही. नियम काय ते सांगते. ज्याचं उत्पन्न, त्याचा वाटा. आईला उत्पन्न नाही, आईचा वाटा शून्य. तुमचा तुमच्या पगाराप्रमाणे. मूल कमावत असेल तर मुलाचा मुलाप्रमाणे. आणि खरं तर मुलाचा आधी धरतात, मग आईबापांचा."

"आधी मुलाचा?" मी म्हटलं.

"तसं लिहिलंय." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

हेफेलेने टोपी गुडघ्यावर सपाट केली. "तिचे माझ्याकडून घ्या."

"तसं होत नाही, हेफेलेसाहेब. एकाचा वाटा दुसऱ्याच्या नावावर टाकता येत नाही."

"मग माझाच वाढवा."

"वाढवायला कारण लागतं."

"आहे," तो म्हणाला. "गेल्या वर्षापासून मी महिन्यात दोन शनिवारी दुपारनंतर जास्तीच्या फेऱ्या करतो. ते कळवायचं राहिलं."

मी त्याला टेबलाखालून लाथ मारली. उशीर झाला होता. लोरमानबाईंनी पेन उचललं, खाली ठेवलं, आणि त्याच्याकडे असं पाहिलं की जणू एवढ्या वर्षांत त्या खुर्चीवर असं कुणी बसलंच नव्हतं. "लिहून द्या," त्या शेवटी म्हणाल्या. "पण त्याने मुलीचा कमी होणार नाही."

"पण मी भरतो त्यात भागत नाही का?" हेफेलेने विचारलं. मनापासून विचारलं.

"त्या निवासाचा खर्च महिन्याला साडेचार हजारांच्या वर आहे."

"वर्षाला."

"महिन्याला."

एवढी वर्षं हा माणूस महिन्याच्या पहिल्या तारखेवर जगत होता. पोरगी बोलत नाही, भेटत नाही, पण तिचं ताट आपल्या पैशाने वाढलं जातंय, एवढी एक गोष्ट धरून. आणि ते ताट दहातल्या नऊ वाट्यांनी परक्यांचं निघालं. त्या खोलीत मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी जिरॅनियमकडे बघत बसले.

लोरमानबाईच पुढे बोलल्या, आवाज जरा उतरवून. "एक वाट आहे. मूल ज्या कामावर जातं तेच काम जर त्याला स्वतःच्या पायावर उभं करायचा भाग असेल, तर कचेरी सूट देऊ शकते. पूर्ण किंवा थोडी. पण अर्ज मुलाने स्वतः करायचा. आणि उमेदवारी चालू हवी. सोडली तर सूट कशावर देणार?"

"महिनाअखेर सोडतेय ती," मी म्हटलं.

"ते मी ऐकलं नाही," लोरमानबाई म्हणाल्या. "पण मग घाई करा."

हेफेलेने त्याच संध्याकाळी फोन केला. विब्केने घेतला नाही. मंगळवारी तो टेकडी चढून निवासात गेला. तिथल्या ताई खाली आल्या आणि म्हणाल्या, ती खोलीतून येत नाही, आणि आम्ही जबरदस्ती करत नाही. निरोप द्यायचा का? "नको," म्हणाला. एवढं सगळं परक्या बाईच्या तोंडून कसं सांगायचं? मी म्हटलं, मी जाऊन सांगते. "तुम्ही नको. मी." मग बुधवारी निघाला लिऑनला, आणि परत आला तेव्हा महिन्याचा शेवटचा शनिवार उजाडला होता.

शनिवारी सकाळी ट्राउबच्या बेकरीची रांग दारातून रस्त्यावर येते. त्या दिवशी पाद्रीसाहेब होते, डॉक्टरांची बायको होती, फुटबॉलच्या सरावाला निघालेल्या पोरांच्या आया होत्या. हेफेलेने दाढी केली होती आणि चांगला कोट घातला होता. त्याच्या मागे मी. त्याचा नंबर आला.

"चार, नेहमीसारख्या?" ट्राउबबाईंनी चिमटा उचलला.

"विब्केला बाहेर बोलवा."

ट्राउबबाई झुलत्या दाराआड गेल्या आणि परत आल्या. "येत नाही म्हणते. काय सांगू तिला?"

हेफेलेने टोपी काढली. मला वाटलं आता हा चार ब्रेत्सल घेऊन घरी जाणार. त्याने त्या दाराकडे तोंड केलं आणि ट्रकच्या खिडकीतून हाक मारतात तशा आवाजात म्हणाला, "विब्के. माझ्या हातात महिन्याला दोन हजार दोनशे दहा येतात."

पाव कापायचं यंत्र चालवणाऱ्या बाईंनी ते बंद केलं. पाद्रीसाहेब आपल्या बुटांकडे बघायला लागले. एका आईने पोराला पोटाशी ओढलं. हेफेलेने भर दुकानात कपडे उतरवले असते तरी लोक इतके हबकले नसते.

"त्यातले चारशे पाच तुझ्या तिथल्या राहण्याचे जातात. पहिल्या तारखेला. तू गेलीस तेव्हापासून. तुझ्यासाठी मला सरकारी भत्ता मिळतो तोही तिकडेच जातो. घरभाडं सहाशे तीस."

"हेफेले, अहो पुरे," ट्राउबबाई कुजबुजल्या. "माणसं आहेत."

"असू देत."

"दोन हजार दोनशेच?" माझ्या मागे डॉक्टरांची बायको कुणाला तरी म्हणाली. "रात्रपाळीचं धरून?"

झुलतं दार उघडलं. विब्के बाहेर आली. बापासारखीच उंच, डोक्याला जाळी, कोपरापर्यंत पीठ. तिने रांगेकडे पाहिलंसुद्धा नाही.

"खोटं," ती म्हणाली.

"कचेरीत लोरमानबाई आहेत. त्यांना विचार."

"मग माझे का घेतात?"

"तुझे घेतात हे मला गेल्या शनिवारी कळलं. जिन्यात."

"तुम्हाला माहीतच नव्हतं?"

"नाही."

विब्के काउंटरला टेकली. पिठाचे हात तिथे उमटले. "आणि तुम्ही भरता, हे मला सांगायला काय झालं होतं?"

"तुला वाटलं असतं, तू मला जड आहेस."

"मला तेच वाटत होतं," ती म्हणाली. "न सांगताच."

दोघंही एवढे उंच, आणि दोघांनाही बघायला जागा सापडेना. शेवटी तो म्हणाला, "तुझे तीनशे साठ मी देतो तुला. दर महिन्याला. आजपासून."

"नको."

"का?"

"ते तुमचे असतील. तीनला मी उठते. मला माझे हवेत."

तो हे ऐकून दुखावेल असं मला वाटलं. उलट त्याने मान हलवली, एकदा, जोरात. हे त्याला कळत होतं. "मग अर्ज करायचा. तूच करायचा, माझा चालत नाही. पण इथलं सोडलंस तर होणार नाही."

"आणि नाही म्हणाले तर?"

"म्हणतीलही."

"मग?"

"मग तेव्हा सोड."

ट्राउबबाईंना राहवेना. "मुली, तुझी घरची सभा बारानंतर भरव. माझे पाव कोळसा होतायत आत."

विब्के दाराशी गेली, आणि पाठमोरीच थांबली. "सोमवारी कचेरी कितीला उघडते?"

"आठला," रांगेतले पाद्रीसाहेब म्हणाले. मग त्यांचा नंबर आला, आणि काय घ्यायला आलो होतो ते त्यांना आठवेना.

सोमवारी हेफेलेने पुन्हा सुट्टी घेतली आणि आम्ही तिघं गेलो. विब्के बेकरीतून तशीच आलेली, बापलेकीच्या मध्ये एक खुर्ची रिकामी. लोरमानबाईंनी आधी तिला विचारलं, यांच्यासमोर बोलू का? विब्के हो म्हणाली. अर्ज पुढे आला. डाव्या हाताने भराभर लिहीत होती, आणि मध्येच थांबली.

"माझा सगळा मिळून खर्च किती येतो?"

लोरमानबाईंनी आकडा सांगितला.

"महिन्याला?" विब्केने विचारलं. "मी एवढी महाग आहे?"

"तू नाहीस," लोरमानबाई म्हणाल्या. "तिथे रात्री मोठं माणूस जागं असतं. त्याचे जास्त आहेत."

"घरी रात्री मीच जागी असायचे," विब्के म्हणाली. "तेव्हा कुणी काही दिलं नाही."

ती रागाने बोलली नाही, हिशेबातली चूक दाखवावी तशी बोलली. लोरमानबाईंनी चष्मा काढला आणि पुसत राहिल्या. हेफेलेने आपला तो अवाढव्य हात रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला, तिच्या बाजूने. तिच्यापर्यंत पोचला नाही तो. पण तिने खुर्ची सरकवली नाही, आणि अर्ज पूर्ण केला.

तिने राजीनामा मागे घेतला तो उत्तर यायच्या आधीच, त्याच दुपारी. कारण मला ट्राउबबाईंनी सांगितलं: "मला म्हणते, कचेरीसाठी नाही आणि पपांसाठीही नाही. भट्टी शिकायचीये म्हणून. मी म्हटलं, बाई, कशासाठीही राहा."

उत्तराला सहा आठवडे लागले. ते आलं त्या शनिवारी विब्के काम संपवून आमच्या घरी आली, आणि गेल्यापासून पहिल्यांदा तो जिना चढली. हेफेलेच्या फ्रिजमध्ये मोहरीची बाटली आणि बिअर याखेरीज काही नसतं, म्हणून मी दोघांना माझ्या टेबलाशी बसवलं आणि मसूर आणि श्पेत्सले, म्हणजे इथल्या अंड्याच्या जाड शेवया, वाढल्या. विब्केने आपलं पत्र ताटाशेजारी ठेवलं. निम्मं माफ झालं होतं. निम्मं का आणि पूर्ण का नाही, याचं कारण मी तीनदा वाचलं आणि मला कळलं नाही.

"एकशे ऐंशी तरी माझे राहिले," ती म्हणाली. "तुमचं काय?"

हेफेलेने खिशातून आपलं पत्र काढलं. घडी उघडायला त्याला जरा वेळ लागला. तिने वाचलं.

"तुमचा वाढला?"

"हो."

"का?"

"शनिवारच्या फेऱ्या धरल्या त्यांनी."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"मी."

विब्केने काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे वळली. "हे पहिल्यापासून असेच आहेत?"

"आता बरे आहेत," मी म्हटलं.

"आणि फेऱ्या कशाला घेतल्या होत्या?"

हेफेले मसुरात चमचा फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या ड्रायव्हिंग लायसन्ससाठी साठवत होतो."

"म्हणजे माझ्यासाठी साठवायला जास्त काम करायचं, आणि जास्त काम केलं म्हणून माझ्यासाठी जास्त भरायचं."

"हो."

"मग उरतात किती?"

त्याने सांगितलं. न लाजता सांगितलं, माझ्यादेखत. विब्केने तोंडावर हात ठेवला. हसली की काय ते मला कळलं नाही.

"सोडा त्या फेऱ्या. ड्रायव्हिंग शाळेचे मी भरीन, आता उरतात माझ्याकडे. तुम्ही मला फक्त गाडीच्या सरावाच्या मैदानावर न्या. शनिवारी, बारानंतर."

"तिथे तासाचे पैसे घेतात," हेफेले म्हणाला.

"किती?"

"सोळा."

"आठ मी देईन."

तो विचार करत बसला. मी त्याच्या ताटात आणखी मसूर वाढले, तरी त्याचा विचार चाललाच होता.

"बरं," तो म्हणाला. "पण पेट्रोल माझं."